मिठाचं प्रूफ

गुरुवार, ९ जानेवारी

मामा,

नमस्कार पोचला असं समज आणि आधी चष्मा लाव. सोबतची अकरा पानं चष्म्याशिवाय बघितलीस तर तुला नुसती भांडी दिसतील.

फोन केला असता, पण फोनवर तू ‘हॅलो’ आणि ‘मोठ्याने बोल’ यांच्या पुढे जात नाहीस, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. छापखान्याच्या यंत्रांनी तुझे कान खाल्ले आणि मला पुन्हा पत्र लिहायला लावलं.

माझी नोकरी तशीच चालू आहे. मिक्सरच्या माहितीपुस्तिकांसाठी हात काढते. झाकण असं बसवा, पातं असं सोडवा. गेल्या आठवड्यात एकोणचाळीस हात काढले, त्यातल्या एकालाही माणूस नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र माणसं काढते. दोन वर्षांत एक चित्रकथा झाली आहे. तीच पाठवते आहे.

एक आचारी आहे. हॉस्पिटलच्या मोठ्या स्वयंपाकघरात साडेतीनशे माणसांचं रांधतो. एका तापात त्याची चवही जाते आणि वासही जातो. तो कुणाला सांगत नाही. त्याची अकरा वर्षांची मुलगी शाळेला जायच्या आधी तिथे येते, कोठीच्या दारामागे उभी राहून चमचाभर चाखते आणि खुणेने सांगते. मान हलवली की बरोबर. कान धरला की मीठ कमी. नाक चोळलं की जास्त.

आता अडचण. हे छापायचं कुठे? पाककृतींच्या मासिकाला दाखवलं. त्यांना प्रत्येक पानाखाली एक पाककृती हवी आणि शेवटी आचाऱ्याची चव परत यायला हवी. मुलांच्या मासिकाने कळवलं की मुलगी लपवाछपवी करते, हे मुलांसमोर ठेवणं बरं नाही. एका त्रैमासिकाकडे पाठवून दोन महिने झाले, उत्तर नाही. तू एकतीस वर्षं दैनिकात मुद्रितशोधक होतास. कोणत्या दारावर जाऊन उभं राहायचं तेवढं सांग.

आचारी कल्पनेतला आहे हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तू ओळखीचे चेहरे शोधत बसशील. घरी अजून दाखवलेलं नाही. सवडीने दाखवीन.

मला हे छापून यायला हवंय, मामा. हौस म्हणून नाही. का, ते मला नीट लिहिता येत नाही.

तुझी,
बिट्टी


बुधवार, १५ जानेवारी

बिट्टे,

अनेक आशीर्वाद. चष्मा लावला. नुसता चष्मा नाही, भिंगही घेतलं.

चित्रं बघताना पहिल्यांदा मी हसलो आणि मग हसायचं थांबलो. ती पोरगी दाराच्या फटीतून बापाकडे बघते ते पान मी उशाशी ठेवलंय. तुझ्या मामीने विचारलं, आता या वयात कॉमिक वाचता का? मी म्हणालो, वाचत नाही, तपासतोय.

आणि तपासलं ते सांगतो. मला राहवत नाही हे तुला माहीत आहे. पान तीनवर तू ‘हॉस्पिटल’ लिहिलंस, पण चित्रात माणसं हातात बिल्ले घेऊन रांगेत उभी आहेत आणि भिंतीवर पाळीचा भोंगा आहे. आजारी माणसं कधीपासून पाळीने जेवायला लागली? पान सहावर साडेतीनशे माणसांच्या रश्श्याला दोन किलो मीठ लिहिलंस. मला रांधण्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी हे वाचून माझ्या तोंडाला कोरड पडली. एवढं मीठ लागतं का, हे कुणाला तरी विचारायला हवं. पान नऊवर आचाऱ्याचा उजवा खिसा डावीकडे गेलाय.

तुझा आचारी कमरेवर हात ठेवून उभा राहतो तसा उभा राहणारा एक माणूस मला माहीत आहे. माझ्या बहिणीच्या घरात राहतो. पण तू म्हणतेस कल्पनेतला, तर कल्पनेतला. चित्रकार लोक घरातलंच उचलतात, दुसरीकडे कुठे जाणार?

आता दाराचं. पाककृतींचं मासिक विसर. त्यांना बटाटाही गोड लागतो. मुलांच्या मासिकातली माणसं मुलांना इतकं घाबरतात की मुलं वाचत नाहीत. त्रैमासिक चांगलं आहे, कागद चांगला, माणसं चांगली, पण वाचणारे तेवढेच जेवढे लिहिणारे. तुझ्या पानांची जागा म्हणजे आमच्या दैनिकाची रविवारची पुरवणी, शेवटचं पान. लोक पुरवणी हातात घेतात आणि आधी उलटी करतात. तिथे माझा शब्द अजून चालतो. निदान शिपाई मला बसायला खुर्ची देतो.

एक मात्र आहे. अकरावं पान ‘बाबांनी नाही म्हटलं’ इथे संपतं. कशाला नाही? मग काय झालं? गोष्ट असं पाय लटकवून सोडता येत नाही. बारावं पान असणार. पाठव.

तुझा,
मामा


मंगळवार, २१ जानेवारी

मामा,

बारावं पान आहे. सोबत आहे. ते मी कुठेही पाठवलं नव्हतं, त्रैमासिकालासुद्धा नाही. काढून झाल्यावर दोन महिने मी ते उलटं करून ठेवलं होतं.

समजायला सोपं आहे. मुलगी तेरा वर्षांची झाली आहे. तीन दिवसांचं चित्रकलेचं शिबिर आहे, तिला जायचंय. आचारी नाही म्हणतो, कारण ती गेली तर चाखणार कोण? दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कोठीच्या दारामागे येते. चमचा तोंडात घालते. रश्श्यात मीठ दुप्पट आहे, जीभ भाजल्यासारखी होते. बाप तिच्याकडे बघतोय. ती मान हलवते. बरोबर.

त्या दुपारी ताटं भरलेली परत येतात. एकावर एक, खिडकीपर्यंत. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आचाऱ्याच्या हाताखालच्या माणसाचा ॲप्रन खुंटीवर असतो आणि तो माणूस नसतो. खाली एकच ओळ आहे: ‘साहेबांनी त्याला काढून टाकलं.’ संपलं.

आता ऐक. पुरवणी नको. एवढ्या मोठ्या पानावर माझी बारीक रेघ वाहून जाईल. त्रैमासिकालाच पुन्हा आठवण करून देते. वाचणारे कमी असले तरी चालतील. कमीच असलेले बरे.

आणि हॉस्पिटल मुद्दाम लिहिलंय. ते तसंच राहू दे.

बिट्टी


शुक्रवार, ३१ जानेवारी

बिट्टे,

बस. खुर्चीवर बसली असशील तर वाच.

तुझ्या रेघेची काळजी तू करू नकोस. ती माझी करून झाली. गेल्या सोमवारी बारा पानं घेऊन मी पुरवणीच्या संपादकबाईंकडे गेलो. माझ्या वेळी ही शाळेत असेल. तिने पहिलं पान उभ्याने बघितलं, दुसरं टेबलाला टेकून, आणि तिसऱ्याला बसली. बारावं बघून झाल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मी आधी समजलो की ती बोलते आहे आणि मला ऐकू येत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी. शेवटचं अख्खं पान आणि आतलं जोडपान. संमतीची सही मीच करून टाकली, तू इथे नव्हतीस म्हणून. तू लाजतेस, लहानपणापासूनच लाजतेस. बक्षीस घ्यायला बोलावलं की पडद्यामागे जायचीस. कुणीतरी ढकलायला हवं होतं, मी ढकललं. रागव, पण सोळा तारखेनंतर.

मजकूर मी नीट करून घेतला. ‘हॉस्पिटल’ सगळीकडून काढलं आणि ‘कारखान्याचं कॅन्टीन’ केलं. तू मुद्दाम म्हणालीस, पण बाई, चित्र एक सांगतंय आणि अक्षर दुसरंच, हे मी माझ्या हयातीत सोडलेलं नाही. चित्रं बदलण्यापेक्षा शब्द बदलणं सोपं. बिल्ले, भोंगा, सगळं आता जुळतं. मिठाचा घोळ तेवढा उरला होता, त्यासाठी एका जाणकाराकडे प्रूफ पाठवलं आहे. तेरा तारखेला पान छपाईला जातं, तोवर उत्तर येईल.

तुझी मामी म्हणते, पुरवणीच्या दहा प्रती घ्या. मी वीस सांगितल्या आहेत.

तुझा,
मामा


मंगळवार, ४ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र मी उद्या सकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हातात देते आहे. तो ते तुझ्या दारात आणून देईल. वाचल्यावर चहासुद्धा घेऊ नकोस. सरळ पुरवणीच्या कचेरीत जा आणि ते पान काढून घे.

मी फोन केला होता त्यांना. उपसंपादक म्हणाले, ज्यांनी मजकूर दिला त्यांच्याच सहीने परत मिळेल. सही तुझी आहे. माझी पानं, आणि माझ्या हातात काही नाही.

आचारी कल्पनेतला नाही. बाबा आहेत.

मी नऊ वर्षांची असताना ते तापाने महिनाभर पडून होते, आठवतं? तू भेटायला आला होतास. त्या तापात त्यांची चव गेली ती परत आलीच नाही. वासही नाही. हे आईला माहीत आहे आणि मला. तिसऱ्या माणसाला नाही. पहिली दोन वर्षं आई डब्याच्या निमित्ताने जायची, मग ती स्वतः नोकरीला लागली आणि चमचा माझ्याकडे आला. चोवीस वर्षं बाबा जिभेशिवाय रांधतायत. मी शिकायला बाहेर पडल्यापासून सगळं तराजूवर करतात, आणि परत आलेल्या ताटांत काय उरलंय ते बघून दुसऱ्या दिवशी सुधारतात. त्यांच्या निवृत्तीला नऊ महिने आहेत. कॅन्टीनला नवा व्यवस्थापक आलाय आणि तो प्रत्येकाची तपासणी करायची म्हणतोय. आणि तुमची पुरवणी त्या कॅन्टीनच्या प्रत्येक टेबलावर पडलेली असते. माणसं तिच्यावर ताट ठेवून जेवतात.

तू ‘हॉस्पिटल’ काढून ‘कारखान्याचं कॅन्टीन’ केलंस. मी तेवढी एकच वीट लावली होती रे, आणि तू ती चूक म्हणून काढून टाकलीस.

अजून एक, तेही सांगून टाकते. बारावं पानही खरं आहे. तो हाताखालचा माणूस म्हणजे शिट्टीकाका. सकाळी कांदे चिरताना शिट्टी वाजवायचे, मला बघितलं की सूर बदलायचे. त्यांना काढलं ते माझ्यामुळे. बाबांना आजपर्यंत माहीत नाही. त्यांना वाटतं शिट्टीकाकांनी दुसऱ्यांदा मीठ घातलं. वीस वर्षं झाली मी हे कुणाला सांगितलेलं नाही. काढून बघितलं, वाटलं, कुठेतरी लांबच्या, कमी खपाच्या जागी छापलं म्हणजे सांगितल्यासारखं होईल आणि कळणारही नाही.

मला तुझा फार राग आलाय. जा आता.

बिट्टी


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बिट्टे,

पान काढलं.

तुझं पत्र बुधवारी दुपारी आलं. चहा घेतला नाही. संपादकबाई मीटिंगमध्ये होत्या, मी दारातच उभा राहिलो, शेवटी त्याच बाहेर आल्या. मी म्हणालो, चित्रकथा परत हवी. त्यांनी काहीतरी विचारलं, मला कळेना. मग त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘कारण?’ आता कारण काय सांगू? कारण सांगितलं तर लपवायचं काय उरलं? मी लिहिलं, ‘मजकुरात चूक आहे.’ त्यांनी लिहिलं, ‘कोणती?’ मी लिहिलं, ‘माझी.’

त्यांनी फाइल काढून हातात दिली. सोळा तारखेला तिथे मोठं शब्दकोडं जाणार आहे. एकतीस वर्षांत माझ्यामुळे एकही पान थांबलं नव्हतं, आणि थांबलं ते हे. पण ते जाऊ दे.

मला दाजींच्या चवीचं माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या हातचं जेवतोय आणि दर वेळी विचारतोय, दाजी, आज मीठ काय नेमकं पडलंय! आणि ते नुसते हसायचे. आता ते हसणं आठवून मला कसंतरी होतंय.

बिट्टे, आता जे लिहायचंय ते लिहायला मी दोन दिवस घेतले. पुरवणी थांबली म्हणून सगळं थांबलं असं नाही.

मिठासाठी एका जाणकाराकडे प्रूफ पाठवलं असं मी लिहिलं होतं. तू त्यावर काही विचारलं नाहीस. रागात तुझी नजर त्या ओळीवरून घसरली असणार. साडेतीनशे माणसांचं रांधणारा जाणकार मला एकच माहीत आहे.

बाराही पानं. एकोणतीस तारखेला टपालात टाकली, कॅन्टीनच्या पत्त्यावर, म्हणजे लवकर मिळतील. सोबत चिठ्ठी होती: ‘दाजी, एका आचाऱ्याची गोष्ट आहे. चित्रं आपल्या बिट्टीची आहेत, उभं राहणं तुमचं उचललंय पोरीने, रागावू नका. मापं तेवढी तपासून द्या. लाल पेन्सिल सोबत आहे.’

मला वाटलं त्यांना आनंद होईल.

काही मजकूर कुणाच्या धंद्यातला असला की त्या धंद्यातल्या माणसाला दाखवल्याशिवाय सोडायचा नाही, ही माझी जन्माची सवय. तिने कधी कुणाचं वाईट झालं नव्हतं. उत्तर अजून आलेलं नाही. मी रोज दोनदा टपालपेटी उघडतो.

मला माफ कर असं लिहायचं धाडस होत नाही.

मामा


मंगळवार, ११ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि तशीच उभी राहिले.

मग घरी फोन केला, बाबा कामावर असताना. आईला आडून आडून विचारलं. ती म्हणाली, ‘हो, मामाचं पाकीट आलं होतं. कॅन्टीनवरून डब्याबरोबर घरी आणलं त्यांनी. दोन दिवस कपाटावर होतं, आता तिथे नाही. काय होतं गं त्यात?’ मी म्हणाले, माझी चित्रं. ती म्हणाली, ‘मग मला का नाही दाखवली?’ मी विषय बदलला. तिला चवीचं माहीत आहे, पण मान हलवल्याचं तिलाही माहीत नाही.

आई म्हणते, आठ दिवस झाले, ते घरात बोलतच नाहीत. रागावलेले दिसत नाहीत. जेवतात, ताट धुतात, बसतात. एकदा तिला लाल पेन्सिल कुठे ठेवलीस म्हणून विचारलं. गुरुवारी सुट्टी होती तर सकाळीच कपडे करून बाहेर गेले आणि दुपार टळल्यावर आले. कुठे गेले होते ते सांगितलं नाही.

मी दोनदा बॅग भरली आणि दोनदा रिकामी केली. जाऊन काय सांगू? बाबा, तुम्ही माझ्यावर विसंबून होतात आणि मी शिबिरासाठी तुमच्या तोंडावर खोटं बोलले? ते तर त्यांनी वाचलंच आहे. चित्रांसकट.

आणि ऐक, काल त्रैमासिकाचं उत्तर आलं. त्यांना अकरा पानं आवडली, शेवट असेल तर पुढच्या अंकात छापतो म्हणतात. खाली त्यांच्या संपादकांनी हाताने लिहिलंय, ‘हे खरं घडलेलं वाटतं. तसं असेल तर ज्यांच्याविषयी आहे त्यांची हरकत नाही ना, एवढं मार्चअखेर कळवा.’ तीन महिने ज्या उत्तराची वाट बघितली ते आलं, आणि मी ते ड्रॉवरमध्ये ढकलून दिलं.

मला वाटायचं, मला हे लोकांना सांगायचंय. तसं नव्हतं रे. लोकांना सांगणं सोपं होतं. बाबांना सांगायची हिंमत नव्हती म्हणून मी लोक शोधत होते.

तुझ्यावरचा राग कमी झालाय. कारण तू नकळत जे केलंस ते मी कधीच केलं नसतं. पण मला भीती वाटते आहे, मामा. फार वाटते आहे.

बिट्टी


गुरुवार, २० फेब्रुवारी

चि. बिट्टी हिस,

बाबांचा आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. भाजीची यादी सोडली तर मी गेल्या कित्येक वर्षांत काही लिहिलेलं नाही. तरी हे तूच वाच, आईला फोनवर वाचून दाखवू नकोस. तिला मी तोंडाने सांगितलं आहे. ती रडली आणि मग माझ्यावर ओरडली. तुझ्यावरही ओरडणार आहे.

मामाने पाकिटात पेन्सिल पाठवली होती आणि मापं तपासा म्हणून लिहिलं होतं. तपासली. पानं सोबत परत पाठवतो. पान सहा: दोन किलो नाही, नऊशे ग्रॅम. पान सात: मोठा टोप दोघांनी उचलायचा असतो, तू एकट्याच्या हातात दिलास, कंबर मोडेल. पान आठ: तेव्हा माझे केस एवढे गेले नव्हते.

पान बारा. इथे मला वेळ लागला. खालची ओळ तू लिहिलीस, ‘साहेबांनी त्याला काढून टाकलं.’ ती चूक आहे. मी खोडून वर लिहिलं आहे, बघ. साहेबांना काय कळतंय मिठातलं? त्यांनी मला बोलावून विचारलं, कुणी केलं? मी त्याचं नाव दिलं. तू मान हलवली होतीस, म्हणून मी धरून चाललो की तोवर बरोबर होतं आणि नंतर कुणीतरी पुन्हा मीठ घातलं. नंतर टोपाजवळ तो एकटाच होता. मीठ दोनदा मीच घातलं असेल हे माझ्या मनात आलं होतं, पण मी ते पुढे जाऊ दिलं नाही. माझी जीभ गेली आहे हे सांगण्यापेक्षा त्याचं नाव सांगणं मला सोपं गेलं. तो माझ्याकडे बघत होता.

तुझा राग आला. अजून आहे. तुला शिबिराला जायचं होतं तर माझ्याशी भांडायचं होतंस, चमच्याशी नाही. पण तेरा वर्षांच्या पोरीला मी माझी जीभ करून ठेवली होती, याचा राग मी कुणावर काढू? आठ दिवस मी तेच शोधत होतो.

गेल्या सहा तारखेला मी तुझ्या शिट्टीकाकाकडे गेलो. पत्ता होता माझ्याकडे. वीस वर्षं होता, गेलो नव्हतो. तो आता एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आहे, दोन खोल्यांत राहतो, बायको गेली. मला बघून दार उघडं टाकून आत गेला, म्हणजे ये असंच म्हणाला असावा. मी पानं त्याच्यापुढे ठेवली. त्याने दोनदा वाचली. मी माझी दुरुस्ती तिथेच त्याच्यासमोर केली, त्याच लाल पेन्सिलने. गुडघ्यावर ठेवून लिहिलं म्हणून अक्षर वाईट आलंय, मामाला सांग.

तो म्हणाला, ‘म्हणजे तुला चव नव्हती?’ मी म्हणालो, नव्हती. तो म्हणाला, ‘आणि मी तुझ्या हातची चव शिकायला चार वर्षं तुझ्यामागे उभा होतो?’ मग तो हसला. ते हसणं चांगलं नव्हतं. मग म्हणाला, त्याला दोन वर्षं कुठे काम मिळालं नाही, कारण जिथे जाई तिथे आमच्या कॅन्टीनला विचारायचे. हे मी ऐकून घेतलं. ऐकून घ्यायलाच गेलो होतो.

सोमवारी व्यवस्थापकांना मी माझ्या तोंडाने सांगितलं. त्यांनी मला कोठीवर बसवलंय. बटाटे, तांदूळ वजन करून द्यायचे. नऊ महिने तेच. चुलीजवळ जायचं नाही. तिथून आवाज येतो आणि मला उठावंसं वाटतं. त्रास होतो, खोटं कशाला सांगू? पण जो माणूस आता चुलीवर आहे, त्याला मी काही विचारू शकतो आणि तो मला काही विचारू शकतो, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदा झालं आहे.

मामा लिहितो की तुला हे कुठे छापायचं ते ठरत नाही. मला मासिकांतलं कळत नाही. म्हणून मी शिट्टीकाकालाच विचारलं, कारण नोकरी त्याची गेली होती. तो म्हणाला, ‘सगळ्यांची तोंडं काढली आहेत. तुझं, पोरीचं, साहेबाचं, रांगेतल्या माणसांचीसुद्धा. माझी नुसती पाठ. चारही ठिकाणी पाठ.’ मी पानं पुन्हा बघितली. खरं आहे. तुला त्याचं तोंड काढता आलं नाही, होय ना?

तो म्हणाला, तिला बोलाव. मी समोर बसतो. आधी माझं तोंड काढू दे, मग छापायचं की नाही आणि कुठे ते मी सांगेन. मी हो म्हणालो, तुला न विचारता.

रविवारी, दोन मार्चला, सकाळच्या बसने ये. मी स्टँडवर असेन. जेवण त्याच्याकडे आहे, रांधणार तोच. मला कळणार नाही हे त्याला आता माहीत आहे, म्हणून तो तुलाच विचारेल. त्याने चव विचारली, तर खरं ते सांग.

बाबा